मोजलेलं आटतं

मंगळवारी आमच्या वाडीचा रस्ता माणसांना पुरत नसे. मार्गासनीच्या पुढं आमचा फाटा फुटतो, तिथपासूनच गाड्यांची रांग लागायची. नसरापूरहून आलेल्या वडापच्या रिक्षा, बायकांनी खचाखच भरलेले टेम्पो, पुण्याच्या काळ्या काचांच्या मोटारी. सगळ्यांना पाहायची असे ती कणगाईच्या देवळातली कणगी.

बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणानं सारवलेली, पुरुषभर उंचीची कणगी देवीच्या शेजारी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तळाशी मुठीएवढं भोक आणि त्यात फडक्याचा बोळा. बंडू महाराज डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, बोळा काढत, आणि तांदळाची पांढरी धार सुरू होई. बायका पदर पसरत. सकाळपासून दुपार टळेपर्यंत धार चाले, आणि शिडीवर चढून वरून पाहिलं तर कणगी तशीच काठोकाठ. मागच्या बाजूला झेंडूच्या माळांचा ढीग, बाकी सगळा तांदूळ.

"मोजलेलं आटतं, बाबांनो," महाराज गात असल्यासारखे बोलत. "न मोजलेलं वाढतं. तुमच्या आईनं तुमाला दूध पाजताना कधी माप लावलं व्हतं का?"

लोक माना हलवत. त्यांतले निम्मे सकाळी डेअरीला दूध घालून, माप आणि फॅट दोन्ही डोळ्यांत तेल घालून पाहून आलेले असत. पण देवळाच्या पायरीवर चपलेबरोबर तेवढी अक्कलही काढून ठेवायची, अशी रीत पडली होती.

देवळाच्या मागच्या भिंतीपलीकडं गोदाम होतं. आमच्या खोऱ्यातले शेतकरी आपलं भात तिथं ठेवत. कणगाई भात उत्पादक सहकारी संस्था ते भात सांभाळणार, भाव आला की विकणार, आणि मधल्या काळात त्या साठ्यावर बँक संस्थेला कर्ज देणार, असा व्यवहार. चेअरमन सोमनाथ. गोदामपाल माझे वडील, सावळाराम. दादा म्हणायचो आम्ही त्यांना. आणि बंडू हा सोमनाथनंच आणलेला माणूस. तो आधी एका मंडपवाल्याकडं होता. गणपतीत बांबू, कापड आणि खळ यांतून गुहा, महाल, हिमालय असं काहीही उभं करून द्यायचा. मग एकाएकी त्याला साक्षात्कार झाला आणि तो महाराज झाला.

मी भोरला कॉलेजात असताना दादांनी वार्षिक सभेत उभं राहून सांगितलं, की गोदामातली काही पोती हलकी लागतायत, भाताऐवजी तूस भरल्यासारखी. साठा एकदा मोजून घ्यावा.

सोमनाथनं त्यांना खोडून काढलं नाही. तो हात जोडून म्हणाला, "सावळारामनाना म्हंत्यात तर काय तरी झालंच आसंल. चोर कोन हाय त्ये आईलाच इचारू."

बंडू महाराजांनी कौल लावला. देवीच्या मुखवट्यावर डावीउजवीकडं एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर सावळाराम निर्दोष, डावी पडली तर चोर. सगळी वाडी श्वास धरून बसली होती. डावी पडली.

दादांना देवळाभोवती नाक घासत फिरवलं. पुढची काही वर्षं आमच्या घरी कुणी हळदीकुंकवाला आलं नाही, आमच्या शेतावर मजूर मिळाला नाही. हे सगळं मी सोसलं असतं. जे सोसलं नाही ते वेगळंच. एकदा मी दादांना म्हटलं, "तुम्ही काहीच केलं नव्हतं ना, मग मान खाली घालून का चालता?" ते म्हणाले, "देवी कशाला खोटं बोलंल, सोने? माज्याच हातनं काय तरी चुकलं आसंल."

खाटेवर पडल्या पडल्या ते मनातल्या मनात थप्प्या लावायचे, पोती मोजायचे, कुठं चुकलं ते शोधायचे. तसेच शोधत शोधत गेले. माणसाची अब्रू घेतली हे मी समजू शकते. यांनी त्याची स्वतःवरची खात्रीसुद्धा काढून घेतली. तो निर्दोष आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

मी सीए झाले ती ज्ञानाच्या ओढीनं नव्हे. मला गोदाम उघडायचं होतं.

दादांच्या माघारी त्यांचा संस्थेतला भाग आईच्या नावावर आला होता, म्हणून आई सभासद होती. आई, म्हणजे सगुणाबाई, आणि म्हातारे गेनबातात्या, या दोघांच्या सहीनं मी सहकार खात्याकडं फेरलेखापरीक्षणाचा अर्ज केला. गेनबातात्या कितीदा तरी आपलं भात परत मागायला गेले होते, आणि दर वेळी त्यांना "आईची अजून इच्छा न्हाई" असं उत्तर मिळालं होतं. त्यांनी अंगठा नव्हे, चांगली लफ्फेदार सही केली. खात्यातल्या साहेबांना मी म्हटलं, काम मलाच द्या.

"तुम्हाला कसं देणार?" साहेब म्हणाले. "तुमची आई सभासद. वडिलांवर त्याच संस्थेत आरोप. उद्या तुम्ही खरं लिहिलंत तरी ते कोण मानेल?"

मला राग आला, पण साहेबांचं खरं होतं. लेखापरीक्षक म्हणजे गावानं उभा केलेला तिऱ्हाईत डोळा. तो चेअरमनचा मित्र नको, तसाच वैरीही नको. मित्राच्या सहीला जेवढी किंमत, तेवढीच वैऱ्याच्या. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पाळायची वेळ आली तेव्हा जिवावर आलं.

खात्यानं भोरच्या शाहिस्ता आतार यांना नेमलं. चाळिशी उलटलेल्या, किरकोळ बांध्याच्या बाई. त्यांना भेटून मी दादांची गोष्ट सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"वडिलांचं नका सांगू मला."

"पण मॅडम, तेच तर सगळ्याचं मूळ आहे."

"तुमच्यासाठी. मी ते ऐकलं तर गोदामात शिरायच्या आधीच माझं मत होईल. राग तुमच्याकडं असू द्या, तुमचा हक्क आहे तो. मला फक्त साठा पाहायचाय."

मी त्यांच्या ऑफिसातून बाहेर पडले ती त्यांच्यावरही चिडूनच.

त्या आल्या एका मंगळवारी, संस्थेला आगाऊ न कळवता. देवळापुढं भरगच्च गर्दी होती. सोमनाथ लगबगीनं आला. चहा मागवला, शाल मागवली. आतारबाईंनी दोन्ही परत पाठवलं, पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि गोदामाची किल्ली मागितली. गर्दीत मी आणि आई सभासदांच्या बाजूला उभ्या होतो. मला तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

बंडू महाराज पुढं झाले. भगवी कफनी, कपाळाला भंडारा. "ताई, कोठी आईची हाय. आत बाईमानसाची सावली चालत न्हाई. पूर्वीचे ऑडिटरसाहेब एवढे मोठे, तेबी उंबऱ्याभाईर हात जोडून हुबे ऱ्हायचे."

"बरं," आतारबाई म्हणाल्या. "मी आत येत नाही. पोती बाहेर आणा. मी अंगणात उभी राहते."

महाराजांना हे अपेक्षित नव्हतं. वाद घालायची त्यांची तयारी होती. मान्य करणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"आईची पोती हालवत न्हाईत," ते म्हणाले.

"बरं." त्यांनी पॅड काढलं आणि लिहायला लागल्या.

"काय लिवताय, म्याडम?" सोमनाथनं विचारलं.

"साठा पाहू दिला नाही, त्यामुळे साठा आहे की नाही हे सांगता येत नाही."

"आसं कसं? कागदावर तर समदं हाय की."

"कागदावर आहे हे तुम्ही सांगताय. ते गोदामातही आहे, हे सांगायला मला पाठवलंय. न पाहता मी ते कसं सांगू?"

सोमनाथच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. असं एक वाक्य अहवालात गेलं की बँक दारात उभी राहणार, हे त्याला चांगलं माहीत होतं. तेवढ्यात गेनबातात्या काठी टेकत पुढं आले. "म्हंजी आमचं भात हाय का न्हाय, त्ये कुनालाच ठावं न्हाई म्हना की." मागून कुणीतरी म्हणालं, "बरूबर बोलत्यात तात्या." कुजबुज वाढली. सोमनाथनं महाराजांकडं पाहिलं, महाराजांनी डोळे मिटून मान हलवली, आणि गोदामाचं कुलूप निघालं.

हमालांनी समोरच्या रांगेतली पोती बाहेर आणली. काट्यावर चढवली. वजन चोख. आतारबाईंनी बंबी, म्हणजे पोत्यातला दाणा बाहेर काढायची टोकदार नळी, खुपसून पाहिलं, आत भातच. दुसरं पोतं, भातच. तिसरं, भातच.

"कणगाईच्या नावानं चांगभलं," गर्दी गरजली. बंडू महाराजांची छाती कफनीत मावेना. ते आमच्याकडं वळून म्हणाले, "आता तरी समजलं का? चोर मेला, पन त्याच्या घरातला संशय न्हाई मेला."

आईनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मलाही क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं की काय. दादांना कसं वाटत असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

आतारबाईंनी बंबी पुसली. "समोरचं झालं. आता मधलं काढा. वरून."

महाराजांच्या अंगात आलं. ते घुमू लागले, केस सोडले, गुरासारखा आवाज काढला. "कोठीच्या पोटाला हात लावंल त्याचं वाटुळं हुईल. त्याच्या घरात दिवा ऱ्हानार न्हाई." हमाल मागं सरकले. लोकांनी जमिनीला डोकी टेकली. आतारबाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, सावलीत बसल्या आणि घोट घोट पाणी प्यायल्या. महाराज घुमत राहिले. ऊन वाढलं होतं. थोड्या वेळानं घुमणं मंदावलं. एका डोळ्यानं त्यांनी खुर्चीकडं पाहिलं, पुन्हा जोर लावला, पण धाप लागली होती.

"झालं?" बाईंनी विचारलं. "कोण चढतंय वर?"

कुणीच हललं नाही. तेव्हा माझा हात सोडून आई पुढं झाली. नऊवारीचा काष्टा तिनं घट्ट खोचला.

"म्या चढते," ती म्हणाली. "माज्या धन्यानं हितल्या थप्प्या लावल्यात. माज्या घरातला दिवा तुमी कवाच इझवलाय. आता आनि काय वाटुळं व्हायचं ऱ्हायलंय?"

ती रचलेल्या पोत्यांच्या पायरीनं चढली. थप्पीच्या माथ्यावर पोचली, मधल्या बाजूला चार पावलं गेली, आणि कडाडकन आवाज होऊन कमरेपर्यंत खाली गेली.

मी धावले. हमालही भीती विसरून धावले. आई तिथूनच ओरडली, "मला काय झालं न्हाई. पोती उपसा. आत पोकळ हाय."

समोरच्या दोन रांगा उतरवल्यावर सगळ्यांनी पाहिलं. भाताची पोती म्हणजे नुसती बाहेरची भिंत होती. आत बांबूचा सांगाडा, त्यावर ताणलेलं मंडपाचं कापड, कापडावर तुसानं भरलेल्या पोत्यांचा एक थर. एक पोतं आईच्या पायाखाली फाटलं होतं आणि तूस सगळीकडं उडत होतं. वजनाला इतकं हलकं, की कुठल्याही पोरानं एका हातानं उचललं असतं. कुणी उचलू नये, म्हणून तर देवी बसवली होती. भात केव्हाच टेम्पो भरभरून विकलं गेलं होतं.

पोकळीत देवळाच्या भिंतीलगत एक मोठं पिंप तांदळानं भरून उंचावर ठेवलं होतं. त्याच्या बुडातून प्लंबिंगचा जाड पाइप निघून उतरत भिंतीत शिरला होता. आता मला कुणी गप्प बसायला सांगत नव्हतं. मी पाइप उपसून बाहेर काढला आणि लोकांना म्हटलं, देवळात जाऊन बोळा काढा.

धार लागली. या वेळी कणगी उतरू लागली, आणि बघता बघता भिंतीच्या बाजूला माळांमागचं भोक उघडं पडलं.

गेनबातात्या वाकून पाहत राहिले. "आरं, ह्ये तर आपल्या पोल्ट्रीतल्यावानी. कोंबड्यांनी खाल्लं की वरनं आपसूक दाना उतरतो." मग हळू आवाजात म्हणाले, "कोंबड्याच झालो की आपुन."

बंडू मोटारीकडं निघाला होता. लोकांनी त्याला धरला, कफनी फाटली, एकानं हात उगारला. मी मध्ये पडले.

"मारू नका. मार खाल्ला की तो बिचारा होईल. मला तो धडधाकट हवाय, बोलायला."

त्याला देवीपुढं उभं केलं. मी म्हटलं, "कौल लाव. माझ्या वडिलांवर लावलास तसाच. आज प्रश्न तुझा आहे. पाकळ्या गेनबातात्या चिकटवतील, नुसत्या पाण्यानं."

तो जमिनीकडं पाहत राहिला. "त्याला काय अर्थ न्हाई, ताई."

"का नाही?"

"पान्यानं कंची पडंल, सांगता येत न्हाई."

"मग तुला कसं सांगता यायचं?"

"एका पाकळीला पानी लावायचो. दुसरीला खळ. पान्याची सुकली की पडती. खळीची न्हाई पडत."

"मागच्यांना ऐकू आलं नाही. मोठ्यानं सांग."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मी पुन्हा सांगायला लावलं. त्याचा आवाज चिरकला तरी आणखी एकदा लावलं. मला त्यात आनंद झाला. चांगल्या माणसांना होऊ नये असा आनंद तो, पण झाला, आणि आजही आठवला की होतो.

आईनं फक्त एकच विचारलं. "त्यांना डावी दिलीस ती चुकून, का ठरवून?"

"ठरवून. चेअरमननी सांगितलं व्हतं."

सोमनाथ खाली बसला. आतारबाईंनी खिशाला पेन लावलं. फिर्याद त्यांनीच दिली, अफरातफर सापडली तर लेखापरीक्षकानंच ती द्यायची असते. त्यात जादूटोणाविरोधी कायद्याचंही कलम लागलं. पोलीस दोघांनाही घेऊन गेले, आणि सोमनाथच्या मोटारी, जमीन, नसरापूरजवळचे गाळे जप्त झाले. लोकांचं सगळं भात काही परत आलं नाही. थोडं थोडं येतंय.

तिसरा राहिला होता. पूर्वीचे ऑडिटरसाहेब. दर वर्षी "साठा प्रत्यक्ष पाहिला" असं लिहून सही करणारे. त्यांच्याविरुद्ध मी स्वतंत्र तक्रार केली. ते माझ्या भोरच्या ऑफिसात आले. मी बसा म्हटलं नाही.

"आपण एकाच व्यवसायातले," ते म्हणाले. "देवाचं ठिकाण होतं, चपला काढून दारातच उभा राहिलो. आत कसा जाणार? तुम्ही समजून घ्याल."

"आत जाण्याचेच पैसे घेत होतात तुम्ही," मी म्हटलं. "बंडू मंडपवाला होता. त्याला फसवणं जमायचं, त्यानं ते केलं. लोकांना वाटायचं, काही काळंबेरं असतं तर साहेबांनी सही केली नसती. त्याच्या कणगीला तांदूळ पाइपनं यायचा, तिच्यावरचा विश्वास तुमच्या सहीनं यायचा. माझे वडील तुमच्या सहीखाली मेले."

"तक्रार मागं घ्या. या वयात..."

"नाही."

त्यांची नेमणूक गेली, सनदही गेली. त्यांनी पुन्हा फोन केला होता. मी उचलला नाही.

गोदाम उघडलं त्याच्या पुढच्याच महिन्यात गावानं सभा बोलावली. सावळारामनाना निर्दोष होते, असा ठराव झाला. त्यांना नाक घासत फिरवणाऱ्यांतले बरेचसे हात वर होते. मग सभेतच शाल आणि नारळ घेऊन ते आमच्यापुढं आले. आईनं मान फिरवली. मीही घेतली नाही. कुणी म्हणालं, झालं गेलं विसरा, आम्हीपण फसलोच की. दुसरा म्हणाला, आता संस्थेचं ऑडिट दर वर्षी सोनियाताईंनीच करावं, घरचंच माणूस आहे.

मी उभी राहिले आणि जे मनात होतं ते बोलले.

"मी करणार नाही. मला तुमचा राग आहे, आणि तो जाणार नाही. रागावलेल्या माणसानं हिशेब तपासू नये, आणि घरच्यानं तर नाहीच. कुणी तिऱ्हाईत आणा. तो आत शिरून पोती उचलतोय की नाही, ते पाहा. तो दारात हात जोडून उभा राहिला तर त्याला परत पाठवा, मग त्याची पाटी केवढी का मोठी असेना. आणि तुम्ही फसलो म्हणता, ते मला पटत नाही. तुमच्या डोळ्यांवर कुणी पट्टी बांधली नव्हती. एक माणूस उभा राहून सांगत होता, पोतं हलकं लागतंय. ते उचलून पाहायला हात पुरेसे होते. तुम्ही ते केलं नाहीत, कारण उचलण्यापेक्षा नवस सोपा होता. मोजू नका असं जो सांगतो, त्यानं काहीतरी नेलेलं असतं. मग तो कफनीत असो नाहीतर कोटात. देवीला काय विचारायचं ते विचारा, मी आड येणार नाही. पण जे उचलून कळतं, ते तिला विचारू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला त्या नकोच होत्या. शाल खुर्चीवर तशीच पडून राहिली, आणि आई आणि मी घरी आलो.